रस्त्यावर उभी बाई म्हणजे गुन्हा? खुलासा

इंदूरला गणपतीची वर्गणी मागत फिरलं की एखाद्या ओटल्यावर हे ऐकू येतंच: "अहो, तो धंदाच बेकायदेशीर. पोलीस उचलत का नाहीत त्या बायकांना?" देहविक्री करणाऱ्या बायकांबद्दल वर्षानुवर्षं चालत आलेला हा समज चुकीचा आहे.

1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा देहविक्रीला सरसकट गुन्हा ठरवत नाही. कुंटणखाना चालवणं, बाईच्या कमाईवर जगणं, तिला धंद्यात ओढणं हे गुन्हे. चारचौघांत खाणाखुणा करून गिऱ्हाईक बोलावणं हाही गुन्हा. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्या 200 मीटरच्या आत तर तो व्यवहारच गुन्हा, आणि तिथे गिऱ्हाईकही आरोपी. हे नेमकं कुणी सांगत नाही! नुसतं उभं राहणं मात्र आपोआप गुन्हा ठरत नाही; धंद्यासाठी रेंगाळून शेजाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा, त्रास झाला तरच तो गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाच्या 19 मे 2022 च्या आदेशात नोंदवलेली समितीची शिफारसही सांगते, की कुंटणखान्यावर छापा पडला तरी स्वखुशीने काम करणाऱ्या सज्ञान बायकांना अटक करू नका, छळू नका.

मग रहिवाशांची भीती खोटी का? नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा बंद असतो, तिथे गाडी हळू होते, काच खाली येते आणि क्लासहून परतणाऱ्या मुलीला "कितने?" असं विचारलं जातं. इथे गुन्हेगार काचेमागे बसलाय. भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीचा नंबर टिपा, 112 लावा. दिव्याची तक्रार पालिकेकडे वेगळी करा.