खारी हवा आणि कानावरच्या गाद्या

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडे सेकंडहँड हेडफोन घ्यायचा झाला, तर आवाज ऐकण्याआधी कानावरच्या गाद्या चिमटीत दाबून पाहाव्यात. बोटांना काळे पापुद्रे चिकटले की मालच खराब म्हणून बहुतेक जण मागे फिरतात. माझ्या मते भाव पाडून घ्यायची वेळ तीच. गादी बदलता येते आणि आतला स्पीकर बहुधा ठणठणीत असतो.

या गाद्यांचं ‘लेदर’ म्हणजे बहुतेकदा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हे प्लास्टिक १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधलं. त्याच्या एका प्रकारात रेणूंच्या लांब साखळ्या एस्टरच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात आणि पाण्याचा रेणू नेमका तोच दुवा तोडतो. तुटताना आम्ल तयार होतं, ते पुढच्या तोडफोडीला जोर देतं. यासाठी हेडफोन भिजायला नको, हवेतली वाफ पुरते. वर ऊब आणि घाम. जपून ठेवलेल्या बुटांचे तळ पावसाळ्यानंतर भुगा होऊन गळतात, तीही हीच क्रिया. म्हणून स्वस्त मिळाल्या तरी जादा गाद्या घेऊन ठेवू नयेत. त्या पाकिटातच म्हाताऱ्या होतात.

गादी फाटली की खर्ज पातळ होतो. कानाभोवती हवा कोंडली तरच खालचे स्वर नीट पोचतात, फटीतून ते निसटतात. मखमली कापडाच्या गाद्या पापुद्रे सोडत नाहीत, पण त्यातूनही हवा झिरपते आणि पावसात त्यांना बुरशी धरते. जुनी गादी बहुधा खाचेत नुसती अडकवलेली असते. बोथट कार्डाने कड उचलली की निघते. काही मात्र फिरवून काढायच्या असतात, काही डिंकाने चिकटवलेल्या.

गादी निघाली की स्पीकरवरची जाळी उजेडात धरावी. मांडवीसारख्या काळ्या किनाऱ्यावर फिरलेला हेडफोन असेल, तर ही तपासणी चुकवू नये. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज असतं. हेडफोनमधलं जबर चुंबक त्याचे कण ओढून घेतं. ते केसाहून पातळ पडद्यावर बसले की आवाज भुरभुरतो. फुंकर मारू नये, पडदा चेपतो. सेलोटेपच्या टोकाने एकेक कण अलगद टिपावा.

पिनेवर खारा वारा बसतो. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आमच्याकडे पावसाळाभर तेच चालतं. मुलामा खरवडला असेल तिथे पितळ हिरवं पडतं, आवाज खरखरतो. बरेच जण थेट आयसोप्रोपिल अल्कोहोल चोळतात. पण त्यात मीठ जवळजवळ विरघळत नाही. आधी पाण्याने जेमतेम ओलसर केलेलं फडकं, मग तेलकटपणा काढायला अल्कोहोल. गाद्यांना अल्कोहोल लावू नये, त्या कडक होऊन तडकतात.

वायर तुटली असेल तर डाग देण्याआधी, म्हणजे सोल्डर करण्याआधी, आतले रंगीत तंतू पाहावेत. तो रंग म्हणजे वीज अडवणारं लाखेसारखं आवरण. ते तापत्या डागाने जाळलं नाही तर जोड दिसायला पक्का आणि आवाज मात्र बंद. ब्लूटूथच्या हेडफोनचं कवच एका बाजूला फुगलेलं दिसलं, तर बॅटरी सुजलेली असण्याची शक्यता आहे. तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.