जठराचा ताल आणि बाहेरची वीज

यंदाच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत पोटाला बांधायचा विजेचा पट्टा विकणारा एक विक्रेता ‘विजेने पचन वेगाने होते’ असे छातीठोकपणे सांगत होता. अशा पट्ट्याने आखडतात ते पोटाच्या भिंतीचे स्नायू, जठराचे नव्हेत. जठराला मात्र स्वतःची वीज असते आणि तिची गोष्ट त्या पट्ट्यापेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

जठराच्या भिंतीत काहाल पेशींचे जाळे पसरलेले असते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी साधारण दर 20 सेकंदांनी, म्हणजे मिनिटाला 3 वेळा, एक मंद विद्युत लहर निर्माण करतात. जठराच्या मध्यभागातून निघालेली ही लहर खालच्या टोकाकडे सरकते. लहर आली म्हणजे स्नायू आखडलाच असे नाही. जेवणानंतर मज्जातंतूंमधून ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन स्रवले की तीच लहर उंबरठा ओलांडते आणि आकुंचन घडते. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घास याच आकुंचनांनी घुसळला जाऊन एक-दोन मिलिमीटरचे कण होईपर्यंत दळला जातो आणि मगच लहान आतड्यात उतरतो.

दीर्घकाळच्या मधुमेहात या पेशी घटू शकतात, मज्जातंतूही दुबळे होतात. अन्न तासन्‌तास जठरात पडून राहते, मळमळ आणि उलट्या थांबत नाहीत. या विकाराला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्यात अशा रुग्णाचे महिने वाया जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. बेंबी ही नाळेची खूण आहे, ती सरकत नाही.

औषधांनी न आवरणाऱ्या उलट्यांसाठी जठराच्या स्नायूत दोन विद्युतअग्रे बसवून त्वचेखालील यंत्राने स्पंदने देण्याच्या उपचाराला अमेरिकेत 2000 साली मर्यादित परवानगी मिळाली. ही स्पंदने सेकंदाला सुमारे 14 या गतीने, थांबून थांबून दिली जातात आणि प्रत्येक स्पंदन 330 मायक्रोसेकंदांचे असते. जठराचा मंद स्नायू हलवायला याच्या जवळजवळ हजारपट लांब, म्हणजे 300 मिलिसेकंदांचे स्पंदन लागते; यंत्राच्या क्षणिक स्पंदनाला प्रतिसाद देतात ते मज्जातंतू. म्हणूनच फ्रान्समधील 172 रुग्णांच्या चाचणीत, ज्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले, उलट्या कमी झाल्या, पण जठर रिकामे होण्याचा वेग वाढला नाही. व्हेगस मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जाणारा मळमळीचा संदेश या स्पंदनांनी बदलत असावा, असे मानले जाते.