निमुळत्या तळाच्या टाकीत गाळ आपोआप सरकतो?

"तळ निमुळता केला की यीस्ट आपोआप खाली येतं. ते रोज सोडायचं, नाहीतर बिअर नासते." घरी बिअर आंबवायला कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत २० लिटरची स्टीलची टाकी बनवून घ्यायला निघालात की हे हमखास ऐकायला मिळतं. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर काढणं गुन्हा आहे, आधी ते बघा, टाकी बनवणारा फॅब्रिकेटर नंतर.)

पहिलं विधान अर्धंच खरं. तळाचा कोन ६० अंशांचा आणि आतला वेल्ड घासून गुळगुळीत केलेला असेल तरच यीस्ट घसरतं; ९० अंशांच्या पसरट तळात ते कडेला चिकटून बसतं. त्यात व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर मधोमध भोक पडून नुसती बिअर बाहेर येते.

दुसरं विधान, रोज यीस्ट सोडण्याचं, २० लिटरच्या टाकीला लागूच होत नाही. यीस्टच्या पेशी फुटून चव बिघडण्याची भीती कारखान्यातल्या उंच टाक्यांची, जिथे तळाशी दाब आणि उष्णता साठते. घरच्या टाकीत गाळ तीन आठवडे राहिला तरी चालतो.

पैसे घालायचे तर तळाला दीड इंची ट्राय-क्लॅम्प (पकडीने चटकन खोलता येणारा जोड) आणि बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आतली चकती फिरवून उघडणारा) यांवर घाला. बॉल व्हॉल्व्हच्या गोळ्यामागे घाण अडकते, पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही. स्टील ३०४ प्रतीचं पुरे, पण ब्लीचने धुऊ नका; क्लोराइडने बारीक खड्डे पडतात.

कोनापेक्षा महत्त्वाचं कूलिंग कॉइल (थंड पाणी फिरवायची नळी) आणि थर्मोवेल (तापमापक घालायची बंद नळी). बहुतेक एल यीस्टला (एल हा बिअरचा एक प्रकार) १८ ते २० अंश सेल्सिअस तापमान लागतं. कोल्हापूरचा एप्रिल ३५च्या पुढे, वर आंबताना बिअर स्वतःच काही अंश तापते. मात्र थंड करताना टाकी पूर्ण बंद ठेवली तर आतला दाब घटून पातळ पत्रा चेपतो, म्हणून थोडा कार्बन डायऑक्साइड आत सोडत राहा.