कैद्याच्या हातचं

हिंडलगा म्हटलं की बेळगावकराला आधी कारागृह आठवतं. 1950 मध्ये सावरकरांना इथेच स्थानबद्ध केलं होतं. पुढे सीमालढ्यातले सत्याग्रहीही इथल्या पंगतीला बसले, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत तुरुंगातल्या जेवणाची आठवण निघते. कैद्यांनी रांधून बाहेरच्या गिऱ्हाइकांना वाढायचं, ही तुरुंगातल्या उपाहारगृहाची कल्पना मात्र नवी वाटते. तिच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे: कोणाच्या हातचं कोणी खायचं?

पूर्वी कैदी आपापली चूल मांडत. 1840 च्या दशकात कंपनी सरकारने बिहारकडच्या तुरुंगांत एकत्र स्वयंपाक सुरू केला आणि जात बुडण्याच्या भीतीने कैदी उठले. 1855 मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरला त्यांचे धातूचे लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा मुझफ्फरपुरात तर गावचे लोकही त्यांच्या बाजूने धावून आले. जातीचा हा विटाळ भटारखान्यातून गेलाच नाही. काही राज्यांच्या नियमावल्यांत स्वयंपाकी वरच्या जातीचाच हवा, असं स्वातंत्र्यानंतरही लिहिलेलं होतं! जातीवरून कामं वाटून देणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी सांगावं लागलं. याची लाज वाटायला हवी.

कैद्याला सुधारणं हाही शिक्षेचा हेतू असावा, हे 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीने मांडलं होतं. त्याच्या श्रमाला रास्त मजुरी द्यावी, हे न्यायालयाने 1998 मध्ये बजावलं. तरी सुतारकाम किंवा विणकाम करणारा कैदी गिऱ्हाइकाला दिसत नाही. उपाहारगृहात तो समोर उभा राहतो, काय हवं विचारतो, पाणी आणून ठेवतो. मला खरी गोष्ट ही वाटते.

इंग्लंडमध्ये 2009 साली हाय डाउन तुरुंगात ‘द क्लिंक’ हे उपाहारगृह सुरू झालं. सुटकेला सहा ते अठरा महिने उरलेले कैदी तिथे स्वयंपाक आणि वाढपाचं रीतसर प्रशिक्षण घेतात. जेवायला येणाऱ्यांना प्लॅस्टिकचे काटे-चमचे मिळतात, दारू मिळत नाही. सुटल्यावर नोकरी शोधून देऊन पुढेही काही महिने पाठीशी माणूस असतो. माझ्या मते खरं पुनर्वसन इथेच होतं, कारण शिकलेल्या हाताला बाहेर कोणी काम दिलं नाही तर शिकणं फुकट जातं. इटलीत मिलानजवळच्या बोल्लाते तुरुंगातही 2015 पासून असं रेस्टॉरंट आहे. आपल्याकडे केरळच्या तुरुंगांनी स्वस्त चपात्या विकल्या, दिल्लीत तिहारने 2014 मध्ये फूड कोर्ट काढलं.

सीमाभागाला सर्वांत जवळचं उदाहरण कोल्हापूरचं. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ कळंबा कारागृहातले कैदी वळत असत. बेळगाव, निपाणी, खानापूरहून दर्शनाला गेलेल्यांनी ते कपाळाला लावून खाल्ले, घरी आणून शेजारीपाजारी वाटले. कोणाच्या हातचे, असं तेव्हा कोणी विचारलं नाही.