पन्नास गुण सोडण्याचं गणित

सहा फासे, एक कागद, एक पेन्सिल. ‘फार्कल’ नावाच्या खेळाला एवढंच लागतं. नियम पाच मिनिटांत समजतात. डाव कधी थांबवायचा हे कळायला मात्र बरेच डाव हरावे लागतात. मी ते हरून शिकलो आणि मग चिडून हिशोब मांडायला बसलो.

आधी खेळ. पाळी आली की सहाही फासे एकदम टाकायचे. एक्क्याला १०० गुण, पंजाला ५०. दोन, तीन, चार किंवा सहा सुटे पडले तर त्यांना काहीच नाही. पण एकाच दानात तीन सारखे पडले तर त्या आकड्याच्या शंभरपट गुण: तीन दुऱ्यांचे २००, तीन छक्क्यांचे ६००. एक्क्यांचा मान वेगळा, तीन एक्के म्हणजे १,०००. हे तीन एकाच वेळी पडलेले हवेत. आधीच्या दानातले दोन आणि आत्ताचा एक अशी गोळाबेरीज चालत नाही.

प्रत्येक दानातून गुणाचा निदान एक फासा बाजूला काढावाच लागतो. मग दोन वाटा असतात. जमलेले गुण कागदावर मांडून पाळी संपवायची, नाहीतर उरलेले फासे पुन्हा टाकायचे. टाकले आणि गुणाचा एकही फासा पडला नाही, तर त्याला फार्कल म्हणतात. त्या पाळीत जमवलेलं सगळं जातं. आधी कागदावर मांडलेले गुण तेवढे वाचतात. सहाही फासे गुणांत बसले तर सहाच्या सहा परत हातात येतात आणि तीच पाळी पुढे चालू राहते. आधी १०,००० गाठेल त्याच्यानंतर बाकीच्यांना एकेक शेवटची पाळी मिळते. ओळीने एक ते सहा, तीन जोड्या, चार सारखे यांचे जादा गुण प्रत्येक टोळकं आपापले ठरवतं. ते खेळाआधी ठरवा, नाहीतर भांडण नक्की. खालचा हिशोब असले जादा गुण न धरता केला आहे.

आता असं दान पडलं समजा: १, ५, २, ३, ४, ४. एक्का आणि पंजा उचलून १५० गुण घ्यावेत असं कुणालाही वाटतं. पण फक्त एक्का उचलला तर? हातात १०० गुण आणि टाकायला पाच फासे. दोन्ही उचलले तर १५० गुण आणि चार फासे. नवखे खेळाडू हातचा पंजा सोडायला जाम तयार नसतात. मीही नसायचो.

चार आणि पाच फाशांत असा काय फरक आहे? तो मोजायचा तर गुण मिळण्याच्या तऱ्हा मोजत बसू नये, न मिळण्याच्या मोजाव्यात. ही युक्ती जुनी आहे. पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने १६५४ साली फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात एक हिशोब आहे: एकच फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा छक्का पडण्याचं पारडं ६७१ विरुद्ध ६२५ असं असतं. यातले ६२५ म्हणजे छक्का मुळीच न पडण्याच्या तऱ्हा, ५×५×५×५. त्या एकूण १,२९६ मधून वजा केल्या की ६७१ उरतात.

फार्कलमध्येही तसंच. एका फाशावर बिनगुणाचे आकडे चार: २, ३, ४, ६. दोन फासे असले तर ३६ तऱ्हांपैकी ४×४, म्हणजे १६ तऱ्हा फुकट जातात. तीन फाशांत अशा ६४ तऱ्हा होतात, पण त्यातल्या चार (२-२-२, ३-३-३, ४-४-४, ६-६-६) गुण देतात, म्हणून २१६ पैकी ६० फुकट. असंच पुढे मोजत गेलं की चित्र असं दिसतं: एक फासा टाकला तर डाव बुडण्याची शक्यता ६६.७ टक्के, दोन टाकले तर ४४.४, तीन २७.८, चार १५.७, पाच ७.७ आणि सहा फक्त ३.१ टक्के. पाचावरून चारवर आलं की धोका जवळजवळ दुप्पट होतो!

तर आपला पंजा. दोन्ही वाटांनी अजून एकच दान टाकायचं आणि थांबायचं असं धरलं, तर १५० गुण आणि चार फासे या वाटेने सरासरी २६८ गुण हाती लागतात. १०० गुण आणि पाच फासे या वाटेने ३०८. पन्नास सोडले की चाळीस मिळतात.

थांबायचं कधी, याचाही हिशोब मांडता येतो. दोन फासे उरलेत असं धरा. ३६ तऱ्हांपैकी १६ मध्ये सगळं जातं. उरलेल्या २० तऱ्हांत मिळणाऱ्या गुणांची बेरीज १,८०० होते. हातात जेवढे गुण असतील त्यांना १६ ने गुणून उत्तर १,८०० पेक्षा कमी आलं तर टाकणं फायद्याचं. १,८०० भागिले १६ म्हणजे ११२.५; ही थांबण्याची रेषा. हातात ३०० असले तर मुकाट्याने मांडून मोकळं व्हावं. तीन फाशांसाठी हीच रेषा ३१२.५ वर येते, चारसाठी सुमारे ९०० वर, पाचसाठी सुमारे २,८०० वर. यात फक्त पुढच्या एका दानाचा विचार आहे, त्यामुळे खऱ्या रेषा याहून वर असतात. एक फासा उरला की गोष्ट आणखी निराळी. साध्या हिशोबाने त्याची रेषा ३७.५ वर येते, पण तो फासा लागला की सहा नवे फासे मिळतात, आणि ते बक्षीस धरलं तर रेषा कित्येक पटींनी वर सरकते.

सहा फाशांचा आकडा आला तेव्हा मी बेरीज दोनदा तपासली. रेषा येते सुमारे १०,००८ वर. खेळच १०,००० चा! म्हणजे सहाही फासे परत हातात आले असतील तर हातात कितीही गुण असोत, सरासरीच्या हिशोबाने टाकायचेच. अशा वेळी १,४०० गुण हातात असले की बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते मांडून मोकळे होतात. पण बुडण्याची शक्यता ३२ मध्ये एक एवढीच असते.

‘मागच्या तीन पाळ्या फुकट गेल्या, आता तरी लागेल’ या वाक्याला वरच्या हिशोबात कुठेच जागा नाही. मागे काय पडलं हे फाशाला ठाऊक नसतं.

शेवटच्या पाळीत मात्र या सगळ्या रेषा पुसून टाकाव्या लागतात. समोरच्याने १०,३५० मांडलेत आणि तुम्ही ८,९०० वर आहात, तर १,४५० च्या पुढे गेल्याशिवाय थांबणं म्हणजे हरणंच. हातात १,३०० आहेत आणि एकच फासा उरलाय? टाका.