दीड हजार वेळा वाजलं की एक अल्बम

कॅसेटच्या काळात आमच्याकडे 'कॅसेट भरून आणणं' नावाचा प्रकार होता. आवडीची गाणी कागदावर लिहायची, कोऱ्या कॅसेटसह तो कागद दुकानदाराला द्यायचा आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. कंपनीच्या कॅसेटमध्ये हवं असलेलं गाणं एकच आणि बाकीची सात-आठ गळ्यात पडलेली, त्यावरचा हा उतारा. (तो कायद्यात बसत नाही, हे आमच्या गावीही नव्हतं.)

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर हे गाणी डाउनलोड करून विकत घेण्याचं ऑनलाइन दुकान उघडलं आणि तोच उतारा कायदेशीर झाला. कुठलंही गाणं सुटं, ९९ सेंटला. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली.

गाणं सुटं मिळू लागलं की अल्बमचं गणित का कोलमडतं? अल्बम हे गाठोडं आहे. मला तिसरं गाणं आवडतं, तुम्हाला सातवं, पण दोघेही दहा-बारा डॉलर मोजून अख्खं गाठोडं उचलतो. गाठोडं सुटलं, की दोघांचे मिळून दोन डॉलर. गाणी तितकीच ऐकली जातात, गल्ल्यात मात्र पैसे कमी पडतात. सिंगलला, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्याला, बरे दिवस आले ते असे.

आता प्रश्न मोजणीचा. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, विक्रीच्या आकड्यावर मानाचे शिक्के देते: १९५८ पासून 'गोल्ड' आणि १९७६ पासून 'प्लॅटिनम'. आज गोल्ड म्हणजे पाच लाख, प्लॅटिनम म्हणजे दहा लाख. पण दहा लाख काय? डिस्क होत्या तेव्हा मुख्यतः दुकानांकडे रवाना झालेला माल मोजला जाई, गिऱ्हाइकाने घरी नेलेला नव्हे, आणि न खपलेला माल परत येई. त्यामुळे 'गेली गोल्ड, परत आली प्लॅटिनम' असा विनोद त्या धंद्यात चाले. डाउनलोडने हा घोळ मिटवला, कारण ते गोदामात पडून राहत नाही.

नवा घोळ मात्र आला. २००४ मध्ये डिजिटल सिंगलसाठी गोल्डची वेगळी पट्टी ठेवली, फक्त एक लाखाची. दोनच वर्षांत ती पाच लाखांवर न्यावी लागली. मग स्ट्रीमिंग आलं, त्यात तर विक्रीच नाही. २०१३ मध्ये १०० वेळा ऐकणं म्हणजे एक सिंगल असं ठरलं, २०१६ मध्ये त्याचे १५० झाले. त्याच वर्षी अल्बमलाही भाव बांधून दिला: दहा सुटी डाउनलोड किंवा १,५०० वेळा ऐकणं, बरोबर एक अल्बम.

हा भाव निसर्गनियम नाही. शेराचे किलो करतानाही वजन तेच राहतं, इथे वस्तूच बदलली आहे. आणि खरी गंमत पुढे आहे. १,५०० वेळा *कुठलं* गाणं ऐकलं, याला बंधन नाही. समजा, अल्बममधलं एकच गाणं ७५ कोटी वेळा वाजलं. सिंगल म्हणून त्याची ५० लाख एककं झाली, म्हणजे पाचपट प्लॅटिनम. तोच आकडा अल्बमच्या खात्यात गेला, की पाच लाख अल्बम 'विकले' गेले आणि गोल्ड पदरात. बाकीची अकरा गाणी कुणी उघडूनही पाहिली नसली तरी! मला हे मोजमापापेक्षा तडजोड जास्त वाटतं.

उलट टोकाचा गोंधळ ब्रिटनमध्ये झाला. मार्च २०१७ मध्ये तिथला गायक एड शीरन याचा अल्बम आला आणि लोकांनी तो सलग ऐकला. स्ट्रीमिंगच्या हिशेबात प्रत्येक गाणं सिंगल ठरलं आणि सर्वाधिक खपाच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या वीस जागांपैकी सोळा त्याच्या एकट्याच्या झाल्या. काही महिन्यांत नियम आला: एका मुख्य कलाकाराची यादीत जास्तीत जास्त तीन गाणी.

ऑगस्ट २०१८ मध्ये आरआयएएने ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या जुन्या अल्बमची फेरमोजणी केली, डाउनलोड आणि स्ट्रीमिंग धरून. २९ पट प्लॅटिनमवरून तो ३८ पटीवर गेला आणि मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मागे टाकून पहिला आला. १९७६ मध्ये पहिलं प्लॅटिनम मिळालं तेही यालाच. नाव 'देअर ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे आधीच्या चार अल्बममधली निवडक गाणी एकत्र करून भरलेली कॅसेटच.