केरळची किरणोत्सारी वाळू

१९०९ साली त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला मोनाझाइट या खनिजाचे पिवळसर कण सापडले. मोनाझाइटमध्ये थोरियम हे किरणोत्सारी, म्हणजे ज्याचे अणू आपोआप फुटून किरणं सोडतात असं, मूलद्रव्य असतं आणि गॅसबत्त्यांच्या मेंटलसाठी (ज्योतीभोवतीच्या जाळीसाठी) तेव्हा थोरियमला मोठी मागणी होती. ही वाळू कोल्लम जिल्ह्यातल्या चवरा-नीनडकरा किनाऱ्यावर आजही पसरलेली आहे. माणसं पिढ्यान् पिढ्या तिच्यावर राहत आली आहेत.

खरं तर किरणोत्सारी नाही अशी माती पृथ्वीवर कुठेच नाही. युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० हे पृथ्वी घडली तेव्हापासूनच तिच्यात आहेत. थोरियमचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) तर सुमारे १,४०० कोटी वर्षांचं! एक किलो साध्या मातीत एकट्या पोटॅशियम-४० चेच दर सेकंदाला सरासरी ४०० अणू फुटत असतात. आपल्या शेतातली मातीही याला अपवाद नाही.

चवरा-नीनडकरा किनारा ज्यात येतो त्या करुनागपल्ली तालुक्यात मात्र हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. किनाऱ्यावर काही जागी गॅमा किरणांची मात्रा वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत (शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) जाते. मग तिथे कर्करोग जास्त असणार, असं कुणालाही वाटेल. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने जवळपास ७०,००० रहिवाशांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जमिनीतल्या गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. हा दिलासा मोठा आहे, पण म्हणून किरणोत्सर्ग निरुपद्रवी ठरत नाही. लहानशी वाढ असलीच, तर ती एवढ्या माणसांच्या पाहणीतही निसटू शकते.

माझ्या मते काळजी करायची ती वाळूपेक्षा रेडॉनची. युरेनियमचे अणू टप्प्याटप्प्याने फुटत जाताना तयार होणारा हा रंग-गंधहीन वायू जमिनीतून, भेगांतून घरात शिरतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे घरात साठायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. थोरियमपासून होणारा थोरॉन मिनिटाभरात निम्मा होतो, त्यामुळे बराचसा मातीतच विरतो. रेडॉनपासून बनणारे कण श्वासावाटे फुप्फुसात चिकटतात आणि तिथल्या पेशींवर अल्फा कणांचा मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण रेडॉनमुळे होतात. त्यातले बहुतेक धूम्रपान करणारे असतात, कारण दोन्ही धोके एकमेकांना वाढवतात.

घरातलं रेडॉनचं प्रमाण साध्या शोधकाने मोजता येतं. दर घनमीटर हवेत १०० बेकरेलपेक्षा (सेकंदाला एक अणू फुटणं म्हणजे एक बेकरेल) जास्त निघालं, तर जमिनीच्या भेगा बुजवाव्यात आणि हवा खेळती ठेवावी. थंडीमुळे घरं बंद ठेवाव्या लागणाऱ्या देशांत हा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे एसीसाठी दिवसभर बंद राहणाऱ्या तळमजल्यावरच्या खोल्यांत तो आता तपासायला हवा.